एकापासून सहापर्यंत आणि परत

आंबिवलीहून सकाळची लोकल पकडून मशीद बंदर किंवा झवेरी बाजार गाठणाऱ्या व्यापाऱ्याच्या वाटेवर शहाड, कल्याण, ठाकुर्ली आणि मग डोंबिवली येते. डोंबिवलीला चढणाऱ्यांचा असा लोंढा येतो की आधी बसलेल्याला जागा सांभाळण्यापलीकडे काही सुचू नये. या स्थानकाचे नाव गणिताच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नाव आज फलकावर दिसते तसे मात्र नोंदलेले नाही. ते 'डेम्लो' असे आहे.

जी. आय. पी. रेल्वेच्या काळात, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या या स्थानकावर एका तरुणाच्या मनात संख्यांच्या एका विशिष्ट घराण्याचा विचार आला. पुढे त्या घराण्याला त्याने स्थानकाचेच नाव दिले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे त्याचे नाव. जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याला, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. देवळालीहून मुंबईकडे येणारी प्रत्येक गाडी कसारा उतरून आंबिवलीवरूनच पुढे जाते, तेव्हा आंबिवली त्यांनी खिडकीतून अनेकदा पाहिली असणार.

डेम्लो संख्या म्हणजे काय, हे समजायला वही-पेन्सिलीपेक्षा अधिक काही लागत नाही. एखाद्या संख्येचे तीन भाग करावेत: डावा, मधला आणि उजवा. डाव्या व उजव्या भागांची बेरीज एकाच अंकाच्या पुनरावृत्तीची यावी आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. १६५ घ्या. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६ आणि मध्ये ६. २५५३ मध्ये २ आणि ३ यांचे ५ होतात आणि मध्ये पाचच आहेत. ४७७७३ चा पडताळा वाचकाने स्वतः घ्यावा. हा विषय कापरेकरांनी गुंजीकर यांच्यासह १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात सविस्तर मांडला.

या घराण्यातल्या काही संख्यांना कापरेकरांनी 'विस्मयकारी' असे विशेषण लावले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ती माळ आहे. तिच्यातील सहावी संख्या १२३४५६५४३२१. ती व्यापाऱ्याच्या भाषेत वाचायची तर एक हजार दोनशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. डेम्लोच्या व्याख्येत ती कशी बसते पाहा: डावीकडे १२३४५, उजवीकडे ५४३२१, त्यांची बेरीज ६६६६६ आणि मध्ये उभा एकटा ६. दिवाळीला चोपडापूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहिण्याची रीत बहुतेक घरांत आहे. वर एक, खाली दोन, मग तीन, असा तो शंकू उतरत जातो. १, १२१, १२३२१ या संख्या एकीखाली एक मधोमध लिहिल्या तर तशीच आकृती कागदावर उमटते.

आता अकराशे वर्षे मागे जावे लागते.

मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मालखेड, ही राष्ट्रकूटांची राजधानी होती. तेथे अमोघवर्ष नृपतुंग हा सम्राट इसवी सन ८१४ ते ८७८ पर्यंत राज्य करीत होता. जैन धर्माचा तो आश्रयदाता. आंबिवली-कल्याणचा हा मुलूखही तेव्हा त्याच्याच छत्राखाली होता. उत्तर कोकणचे शिलाहार राजे अमोघवर्षाचे मांडलिक होते, याची साक्ष कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेख आजही देतात. या सम्राटाच्या काळात, सुमारे ८५० मध्ये, महावीराचार्य या दिगंबर आचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. नामसाम्यामुळे गोंधळ होऊ नये: ग्रंथाच्या आरंभी भगवान महावीरांना वंदन आहे, ते वंदन करणारे आचार्यही महावीरच.

हा ग्रंथ ज्योतिषाच्या पोथीचे एखादे प्रकरण नव्हे. तो केवळ गणिताचा आहे आणि त्यातही व्यवहाराचा. त्रैराशिक आहे, व्याजाची उदाहरणे आहेत, क्षेत्रफळे आहेत, खोदकामाचे माप आहे. संख्यांच्या स्थानांची चोवीस नावे आचार्य देतात, एकापासून महाक्षोभापर्यंत. त्यांच्या यादीत अकरावे स्थान अर्बुदाचे आहे. (मोठ्या संख्यांची नावे ग्रंथागणिक सरकतात, अर्बुद म्हणजे किती, हे विचारण्याआधी कोणाचा अर्बुद, हे विचारावे लागते.) अंकांसाठी ते जे शब्द वापरतात त्यांत त्यांचा धर्म सहज डोकावतो: तीनसाठी रत्न, सातसाठी तत्त्व, आठसाठी कर्म. ज्या घरात रत्नत्रय, सात तत्त्वे आणि अष्टकर्मे मुलांना पाठशाळेत शिकवली जातात, त्या घराला ही अंकलिपी परकी वाटू नये.

गुणाकाराच्या प्रकरणात आचार्य एक खेळ मांडतात. दोन ओबडधोबड संख्या घ्यायच्या, गुणायच्या आणि उत्तर असे यावे की डावीकडून वाचले काय किंवा उजवीकडून वाचले काय, सारखेच. जणू गळ्यातला कंठा, दोन्ही बाजूंना जोडीचे मणी. म्हणूनच अशा संख्यांना ते कंठ्याची, राजाच्या गळ्यातील अलंकाराची उपमा देतात. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे आठ एकांची माळ, ११११११११. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक येतात. गुण्यात ८ हा अंक नाही, याकडे लक्ष असावे. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की दोन टोकांना एक-एक मणी आणि मध्ये आठ शून्ये: १००००००००१. आणि ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणून तर पाहावेच. त्याचे उत्तर येथे देत नाही.

याच कंठ्यांत एक आहे: २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१.

डोंबिवलीच्या नावाची माळ ज्या संख्येतून जाते, तीच ही संख्या. आचार्य तिचे वर्णन करतात ते असे की एकापासून सुरू होऊन सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी. अकरा अंक आणि वर्णनाला दोन-तीन शब्द. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, ही पद्धत ज्याच्या रक्तात भिनली आहे त्यालाच असे वर्णन सुचते, आणि ऐकणाऱ्यालाही ती पद्धत येत असल्याखेरीज ते कळत नाही.

पण ४४१ च का? २७९९४६८१ ही आडदांड संख्या आली कोठून? उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ४४१ हा २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. म्हणजे हा गुणाकार दोन वर्गांचा आहे आणि उत्तरही वर्गच असणार: २१ गुणिले ५२९१ यांचा. तो गुणाकार १११११११ होईल असे घाईत वाटते. मोजून पाहिले तर एक सहा वेळाच येतो, ११११११. या सहा एकांचे अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. त्यांपैकी ३ आणि ७ एका बाजूला काढले की २१, उरलेल्यांचा गुणाकार ५२९१. सहा एकांचा वर्ग दोन तुकड्यांत विभागून वाचकासमोर ठेवला आहे आणि वाचकाने तो जोडायचा आहे.

सहा एकांचा वर्ग चढउताराचा का येतो, हे पाहायला जुन्या पद्धतीचा उभा गुणाकार मांडावा. ११११११ ही ओळ सहा वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांची बेरीज घ्यायची. पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, असे करीत मधल्या रकान्यात सहा एक येतात आणि पुढे पुन्हा कमी होत जातात. कोठेही हातचा येत नाही, म्हणून कंठा अखंड राहतो. उत्तरातील सर्व अंकांची बेरीज ३६ भरते, म्हणजे सहाचा वर्ग. मांडलेल्या एकांची संख्याही तेवढीच. ज्यांना नवाचा पडताळा येतो त्यांनी तोही घ्यावा: २७९९४६८१ च्या अंकांची बेरीज ४६, त्यांची १०, त्यांचा १, ४४१ चे ९, एक नवे नऊ, आणि ३६ चेही नऊ. नऊ एकांपर्यंत हे असेच चालते: १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला मात्र मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा घ्यावाच लागतो आणि माळेचा दोरा तुटतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ गडप होतो. वर १२३४५६७९ मध्येही तोच अंक गैरहजर होता.

येथे एक मोह टाळला पाहिजे. हे सारे आमच्या आचार्यांनी अकराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, कापरेकरांनी नवे काय केले, असे म्हणण्याचा मोह. अशी वाक्ये सभा-समारंभांत टाळ्या घेतात. खाते तपासले तर जमेच्या बाजूला जे आहे ते असे: महावीराचार्यांनी ही संख्या दिली, तिचे नेटके वर्णन दिले, तिचे सौंदर्य ओळखून तिला कंठा म्हटले आणि तिला अशा रीतीने फोडून ठेवले की शिष्याच्या हातून ती पुन्हा घडावी. डावा आणि उजवा भाग मिळून मधला अंक देतात हा नियम, त्या नियमात बसणाऱ्या इतर अगणित संख्या आणि त्यांचा सिद्धांत ही रक्कम कापरेकर आणि गुंजीकर यांच्या नावे आहे. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात टाकल्याने घराची पुंजी वाढत नाही, फक्त रोजमेळ जुळेनासा होतो. व्यापारी घराला हे अधिक सांगायला नको. आणि खरे तर आचार्यांच्या खात्यावर उसनी रक्कम चढवण्याची गरजच नाही. तेथे आधीच पुष्कळ शिल्लक आहे.

कापरेकरांनी अशा अन्यायाची सवय करून घेतली होती. अंकांचा हा खेळ किरकोळ आहे असे विद्वानांपैकी अनेकांना वाटे. ते आपल्या पुस्तिका स्वखर्चाने छापत आणि परिषदांना जात राहिले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत सांगितली. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. कल्याणपर्यंत रेल्वे आली ते साल १८५४, तेच घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ८५४१, चढत्या क्रमाने १४५८, वजाबाकी ७०८३. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि येथून पुढे किती वेळा केले तरी ६१७४ च. कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हेच स्थानक येते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील आपल्या प्रसिद्ध सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि मग जगाने त्यांची दखल घेतली. तोवर ते सत्तरीला पोचले होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

महावीराचार्यांची मोठ्या संख्येशी असलेली सलगी आकाशातून पडलेली नव्हती. जैन आगमांत काल, जीव आणि लोक यांची मोजदाद करताना संख्या अशा थराला जातात की साधी नावे अपुरी पडावीत. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांच्या संख्येचा विचार येतो, तेव्हा ती संख्या अंकांनी न सांगता तिच्या गुणधर्माने सांगितली आहे: जी शहाण्णव वेळा निम्मी करता येते ती. दोनाला दोनाने शहाण्णव वेळा मांडून गुणावे, म्हणजे ती संख्या मिळते: ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. एकूण २९ अंक. तीच संख्या दुसऱ्या मार्गानेही सांगितली आहे. दोनाचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, असे करीत पाचवा वर्ग आणि सहावा वर्ग घ्यावा आणि त्यांचा परस्परांशी गुणाकार करावा. पाचवा वर्ग ४२९४९६७२९६ हा ३२ वेळा निम्मा होतो, सहावा ६४ वेळा. ३२ आणि ६४ मिळून ९६. गुणाकाराचे काम बेरजेवर आणण्याची ही युक्ती आहे. किती वेळा निम्मे करता येते, या मापाला वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत 'अर्धच्छेद' हे नाव आहे आणि त्याचे नियमही तेथे आहेत. धवला पूर्ण झाली ८१६ मध्ये, म्हणजे अमोघवर्ष गादीवर आल्यानंतर दोनच वर्षांनी. महाविद्यालयात ज्यांनी लॉगॅरिदमची कोष्टके हाताळली त्यांना हा अर्धच्छेद ओळखीचा वाटेल. दोन या पायावरचा तो लॉगॅरिदमच होय.

ही धवला शतकानुशतके कुलुपात होती. ती छापून लोकांसमोर आली ती महाराष्ट्रातून, अमरावतीहून. तेथील किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ पासून तिचे खंड संपादून काढायला सुरुवात केली, आणि चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरचा लेख आला. गणितसारसंग्रहाचे भाग्य थोडे आधी उजळले. मद्रासचे प्राध्यापक रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मूळ संहिता इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. पण इंग्रजी न येणाऱ्या जैन वाचकाच्या हाती तो ग्रंथ पडायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली, आणि तेथे एका व्यापारी घराची गोष्ट येते.

सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी संसारातून विरक्त झाले होते. न्यायाने मिळवलेल्या धनाचे काय करावे, हा प्रश्न त्यांना १९४० च्या सुमारास पडला. त्यांनी अनेक विद्वानांचे सल्ले घेतले आणि १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ या सिद्धक्षेत्री विद्वानांना एकत्र बोलावले. तेथून जैन संस्कृती संरक्षक संघाचा जन्म झाला. पुढे १९४४ मध्ये त्यांनी आपली सारी संपत्ती संघाच्या स्वाधीन केली. त्याच्याच आधारे जीवराज जैन ग्रंथमाला चालली. १९५७ मध्ये त्यांनी समाधिमरण स्वीकारले. १९६३ मध्ये या ग्रंथमालेत लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह गणितसारसंग्रह सोलापूरहून प्रसिद्ध झाला. मंदिराच्या शिखरावर नाव कोरवून घेणे सोपे असते. गुणाकाराच्या जुन्या उदाहरणांसाठी आयुष्याची कमाई देणारा दाता विरळा.

गजपंथावर ती मंडळी जमली त्या उन्हाळ्यात, त्याच नाशिकच्या दुसऱ्या अंगाला देवळालीच्या शाळेत कापरेकर मास्तर नोकरीत होते. डेम्लो संख्यांवरचा प्रबंध छापून होऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. एकीकडे कंठा पोथीतून बाहेर काढण्याची सिद्धता चालली होती आणि दुसरीकडे तोच कंठा नव्या दोऱ्यात ओवून तयार होता. मधले अंतर टांग्याने काही तासांचे.

आंबिवलीहून निघालेल्या गाडीत एखाद्या व्यापाऱ्याने पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ४४१ आणि २७९९४६८१ मांडून गुणाकार सुरू केला, तर ठाकुर्लीपर्यंत तीन ओळी लिहून होतात. पहिली ओळ २७९९४६८१. दुसरी, एक घर सरकवून, १११९७८७२४. तिसरी पुन्हा तीच, आणखी एक घर सरकवून. बेरीज करायची तेवढी उरते, आणि ती होईतो डोंबिवली येते.